शब्दांची विचारपूस : दार लाव, दिवा लाव

या महिन्यात चार पत्रं घेतली आहेत. पहिल्या पत्राच्या उत्तराने बरीच जागा घेतली. चिनी विद्यार्थ्यांना इंग्रजी शब्द शिकवणं हा विषय गेली सात वर्षं माझ्या रोजच्या कामाचा आहे, त्यामुळे हात आखडता घेणं जमलं नाही.

प्रश्न : बाई, मी 27 वर्षांची आहे, मला ‘तू’च म्हणा. बी.ए. इंग्रजी घेऊन केलं, मांजलपूरला राहते, घरी शिकवण्या घेते. सहा महिन्यांपासून करजणकडच्या एका कारखान्यातले एक चिनी इंजिनिअर माझ्याकडे इंग्रजीसाठी येतात. वूहानचे आहेत, वय 34. त्यांना साडेसहा हजार इंग्रजी शब्द पाठ आहेत, मी वहीच पाहिली आहे. ‘अमीलिओरेट’ (सुधारणे), ‘युबिक्विटस’ (सगळीकडे आढळणारा) असे शब्द अर्थासकट धडाधड सांगतात. पण मेल लिहितात तेव्हा ‘लर्न मोअर नॉलेज’, ‘द प्राइस इज चीप’, ‘प्लीज ओपन द लाइट’. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत 7 बँड, म्हणजे 7 ची श्रेणी हवी आहे, लेखनात दोनदा 5.5 वर अडकले. ते म्हणतात, आणखी कठीण शब्दांची यादी द्या. देऊ का? मला चिनी भाषेचा गंध नाही.
— एक शिक्षिका, मांजलपूर, वडोदरा

उत्तर : यादी देऊ नकोस. त्यांच्याकडे शब्द कमी नाहीत, शब्दांची ओळख कमी आहे.

पण त्यांच्या वहीला नावंही ठेवू नकोस. चिनी मूल शाळेत लिहा-वाचायला शिकतं ते एकेक चिन्ह शंभरदा गिरवून. 1988 साली चीनने नेहमीच्या वापरातल्या चिन्हांची यादी काढली, तीत 3500 चिन्हं आहेत, आणि ती डोक्यात बसवायला पाठांतराशिवाय रस्ता नाही. ज्या पद्धतीने स्वतःची भाषा लिहिता आली, तीच पद्धत माणूस इंग्रजीला लावणार. पुढे विद्यापीठात 1987 पासून चालत आलेली देशव्यापी इंग्रजी परीक्षा असते, तिच्यासाठीही अकारविल्हे याद्या. बहुतेक याद्यांच्या आरंभीच ‘अबॅन्डन’ येतो, म्हणजे सोडून देणे. यावर तिकडची मुलं पिढ्यान्‌पिढ्या हसत आली आहेत, आणि तरी यादी सोडत नाहीत. ही चिकाटी तुझ्या हातात आयती आली आहे. फक्त ती कशावर खर्च करायची ते बदलायचं.

आता ‘ओपन द लाइट’. चिनीत एक क्रियापद आहे, ‘खाय’. मूळ अर्थ उघडणे. दार ‘खाय’ करतात, तसा दिवाही ‘खाय’ करतात. गाडी चालवणं ‘खाय’, सभा भरवणं ‘खाय’, डॉक्टरने औषध लिहून देणं ‘खाय’, थट्टा करणं ‘खाय’, आणि फूल उमलतं तेही ‘खाय’. त्यांच्या वहीत ‘ओपन’समोर ‘खाय’ लिहिलेलं असणार. ते बरोबर आहे. पण त्या एका ओळीवरून त्यांनी सगळ्याच ‘खाय’साठी ‘ओपन’ वापरला.

हसू येत असेल तर आपलं ‘लावणे’ आठव. दार लाव म्हणजे बंद कर. दिवा लाव म्हणजे पेटव. कुकर लाव, गादी लाव, मुलाला शिस्त लाव, कपाट लाव, झाड लाव, पैज लाव. माझ्या शेजारच्या गुजराती सुनेने मराठी शिकताना मला विचारलं होतं, ‘काकू, एकाच शब्दाने दार बंद होतं आणि दिवा सुरू होतो, हे कसं?’ मला त्या दिवशी उत्तर देता आलं नाही. घरात वावरून, ऐकून ऐकून वर्षभरात ती बरोबर बोलायला लागली.

म्हणून तुमच्या पुढच्या तासाला नवी वही काढा. पानाच्या डोक्यावर इंग्रजी शब्द नको. चिनी क्रियापद लिहायला सांग, त्यांच्या लिपीत. खाली त्यांनी त्या क्रियापदाचे सगळे उपयोग लिहायचे, आणि प्रत्येकासमोर तू इंग्रजी क्रियापद द्यायचंस. दार ‘ओपन’, दिवा ‘टर्न ऑन’, गाडी ‘ड्राइव्ह’, सभा ‘होल्ड’, औषध ‘प्रिस्क्राइब’, फूल ‘ब्लूम’. एका पानात सहा शब्द, आणि सहाही कायमचे. ‘प्रिस्क्राइब’ त्यांना आधीपासून पाठ असेल, पण तो कुठे ठेवायचा हे पहिल्यांदा कळेल. तुला चिनी येत नाही यात काही बिघडत नाही. विचारायचं, ‘तुमच्याकडे हे शब्दाशब्दाने कसं म्हणता?’ दहा मिनिटं ते शिक्षक, तू विद्यार्थिनी. मोठ्या माणसाला शिकताना संकोच असतो, तो या दहा मिनिटांत बराच उतरतो.

बडोद्याच्या माणसाला ही कल्पना परकी वाटू नये. सयाजीराव महाराजांनी राज्यकारभारासाठी ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ करवून घेतला, तो 1931 साली निघाला. इंग्रजी शब्द, आणि समोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली प्रतिशब्द. माझे आजोबा गायकवाडी अमलात महसूल खात्यात होते. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी ते सांगायचे, की नुसता प्रतिशब्द बघून कधी हुकूम लिहू नये. जुन्या हुकमात तो शब्द कोणत्या वाक्यात आलाय ते काढून बघावं, मगच लेखणी टेकवावी. शब्द शिकवताना मी अजून त्यांचंच ऐकते.

‘लर्न नॉलेज’ आणि ‘प्राइस इज चीप’ या चुकाही त्याच जातीच्या. चिनीत ज्ञान शिकतात आणि किंमत स्वस्त असते. इंग्रजीत ज्ञान ‘गेन’ किंवा ‘अक्वायर’ करतात, वस्तू ‘चीप’ असते आणि किंमत ‘लो’. यात तर्क शोधायला गेलं तर दमायला होतं. चहाचंच बघ. आपण कडक चहा म्हणतो, चिनी माणूस दाट चहा म्हणतो, इंग्रज ‘स्ट्राँग’ म्हणतो. चहा तोच. पाऊस आपल्याकडे जोराचा किंवा मुसळधार, त्यांच्याकडे मोठा, इंग्रजीत ‘हेवी’. जे. आर. फर्थ या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाने 1957 मध्ये म्हटलं होतं, की शब्द कळतो तो त्याच्या सोबत्यांवरून. या सोबतीला व्याकरणात नियम नाही. ती पाहावी लागते, जशी सोयरीक करताना घराणं पाहतात.

सोबतीला स्वभावही असतो. त्यांना ‘कॉज’ म्हणजे कारण होणे एवढं माहीत असेल, आणि मग एखाद्या दिवशी ते साहेबाला लिहितील, की तुमच्या मार्गदर्शनाने माझं यश ‘कॉज’ झालं. व्याकरण ठीक, पण कानाला खुपतं. ‘कॉज’च्या मागे बहुधा नुकसान, उशीर, अपघात, अडचण येते. आपलं ‘ओढवणे’ तसंच आहे. संकट ओढवतं, आजार ओढवतो. बढती ओढवली असं कुणी म्हणत नाही. असे शब्द समजावताना तुझं मराठी मनातल्या मनात सतत वापरत जा. कोशाआधी तिथेच दिवा पेटतो.

परीक्षेचा मुद्दा थोडक्यात. आयईएलटीएसच्या लेखनात चार निकषांना सारखे गुण असतात, त्यातला एक शब्दसंपत्तीचा. 7 बँडच्या वर्णनात कमी प्रचलित शब्द वापरता येणं आहे, पण त्याच ओळीत शैलीचं आणि शब्दांच्या सोबतीचं भान असंही लिहिलेलं आहे. यादी मागणारे विद्यार्थी पहिला अर्धा भाग वाचतात आणि थांबतात. पंपाच्या दुरुस्तीच्या मेलमध्ये ‘अमीलिओरेट’ घालणं म्हणजे शेजाऱ्याला ‘आपल्या जननीचं आरोग्य कसं आहे’ असं विचारणं. अर्थ चुकत नाही, पण शेजारी दचकतो. ‘इम्प्रूव्ह’ लिहा, ‘फिक्स’ लिहा, आणि ते नीट बसवा.

मग ‘वरच्या पातळीचे’ शब्द शिकायचेच नाहीत का? शिकायचे, पण कोणते ते ठरवून. न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली विद्यापीठीय लेखनात सगळीकडे सापडणाऱ्या 570 शब्दकुटुंबांची यादी केली. अभ्यासाच्या मजकुरातला जवळजवळ दहावा हिस्सा एवढ्यांनी भरतो. त्यात ‘अ‍ॅप्रोच’, ‘इंडिकेट’, ‘सिग्निफिकंट’, ‘रिक्वायर’ असे शब्द आहेत. ‘युबिक्विटस’ नाही. माझ्या अनुभवात चिनी विद्यार्थी या 570 पैकी बहुतेक ओळखतात आणि जेमतेम दीडदोनशे बिनचूक वापरतात. तुझं काम त्या मधल्या जागेत आहे.

‘कुटुंब’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. चिनीत शब्दाचं रूप बदलत नाही. ‘छंगकुंग’ म्हणजे यश, तेच यशस्वी होणे, तेच यशस्वी. त्यामुळे ‘आय सक्सेस’ असं वाक्य येतं, आणि ते कितीही वेळा लाल शाईने खोडलं तरी परत येतं. ‘चिंगची’ तर आणखी कठीण. अर्थव्यवस्थाही तीच आणि काटकसरीचं, परवडणारं तेही तीच. म्हणून ‘इकॉनॉमिक’ आणि ‘इकॉनॉमिकल’ यांची अदलाबदल ठरलेली. यावर मी एकच करते. कुठलाही नवा शब्द एकटा घ्यायचा नाही. ‘सक्सेस’ आला की ‘सक्सीड’, ‘सक्सेसफुल’, ‘सक्सेसफुली’ असं घरदार घेऊन यायचं, आणि चौघांचं प्रत्येकी एक वाक्य स्वतःच्या नोकरीतलं.

आता जिथे चिनी माणूस आपल्यापेक्षाही पुढे असतो ती गोष्ट. तैवानमधल्या तैपेईची एक परिचारिका माझ्याकडे शिकते. तिला परदेशात नोकरीसाठी वैद्यकीय इंग्रजी हवं होतं, आणि ग्रीक-लॅटिन शब्दांपुढे ती रडकुंडीला आलेली. एका संध्याकाळी मी तिला विचारलं, ‘हेपॅटायटिस’ला तुमच्याकडे काय म्हणतात? ‘कान-येन’. कान म्हणजे यकृत. आणि ‘येन’? तिने कागद कॅमेऱ्यापुढे धरून चिन्ह काढून दाखवलं. अग्नीचं चिन्ह, त्याच्यावर पुन्हा अग्नीचं चिन्ह. आगीवर आग. मी म्हटलं, थांब. आमच्या वैद्यकीय परिभाषेत याला यकृतदाह म्हणतात, दाह म्हणजे जळणं. आणि इंग्रजी ‘इन्फ्लमेशन’मध्ये लॅटिनची ‘फ्लामा’ आहे, ज्वाळा. तीन भाषा, तीन लिप्या, आणि आजाराच्या पोटात आग तीच. दोघी थोडा वेळ बोललोच नाही. मग तिने झपाट्याने लिहायला घेतलं. सांध्यांचा ‘येन’ ‘आर्थ्रायटिस’, मूत्रपिंडाचा ‘येन’ ‘नेफ्रायटिस’, श्वासनलिकेचा ‘येन’ ‘ब्राँकायटिस’. ‘आयटिस’ म्हणजे ‘येन’, हे एकदा जुळलं आणि पंधरा दिवसांत साठएक शब्द तिचे झाले. फुप्फुसाच्या ‘येन’ला इंग्रजीत ‘न्यूमोनिया’ म्हणतात, तिथे ‘आयटिस’ नाही, यावर ती चक्क रागावली.

हे जमतं, कारण चिन्हाचे भाग पाडून अर्थाचा अंदाज घ्यायची त्यांना लहानपणापासून सवय असते. नदी, सरोवर, समुद्र, धुणे या चिन्हांच्या डाव्या बाजूला पाण्याचे तीन थेंब असतात. संगणक त्यांच्याकडे विजेचा मेंदू, आगगाडी म्हणजे आगीचं वाहन. डायनोसॉरला ते भयंकर ड्रॅगन म्हणतात, आणि ग्रीकमध्येही तो भयंकर सरडाच आहे. तुझ्या इंजिनिअरांना ‘थर्मो’, ‘हायड्रो’, ‘कंडक्ट’, ‘ट्रान्स’, ‘मीटर’ असे वीस तुकडे दे, आणि त्यांच्या भाषेतलं जोडीचं चिन्ह त्यांनाच शोधू दे. फक्त मर्यादा सांग. ‘अंडरस्टँड’मध्ये कुणी कशाखाली उभं नाही. तुकडे तांत्रिक शब्दांत चालतात, रोजच्या शब्दांत फसवतात.

एक राहिलं. ‘यूज अप’, ‘फिगर आउट’, ‘ब्रेक डाउन’ अशी जोडक्रियापदं चिनी विद्यार्थी टाळतात आणि त्याजागी एकच भारदस्त क्रियापद वापरतात. मेल जड होतात त्या यामुळेही. खरं तर त्यांच्या भाषेत जवळची सोय आहे. ऐक-समज, वापर-संप, खा-फस्त अशी दोन क्रियापदं ते शेजारी ठेवतात, पहिल्यात कृती आणि दुसऱ्यात तिचा शेवट. आपण खाऊन टाक, लिहून काढ म्हणतो तसंच थोडंफार. ‘यूज अप’ला ‘वापर-संप’ लिहून दिलं की भीती जाते.

उजळणीसाठी मी मिठाईच्या रिकाम्या खोक्यात पाच कप्पे करून देते. कार्डावर शब्द नाही, गाळलेल्या जागेचं वाक्य. आलं की पुढच्या कप्प्यात, चुकलं की पहिल्यात. पहिला कप्पा रोज, पाचवा महिन्यातून एकदा. आठवड्याला दहाच नामं, ‘प्राइस’, ‘रिस्क’, ‘डेडलाइन’, ‘रिपोर्ट’ अशी त्यांच्या मेलमधलीच, आणि प्रत्येकाची दोन सोबती क्रियापदं, दोन विशेषणं. साडेसहा हजारांच्या मानाने हे त्यांना पोरखेळ वाटेल. तीन महिने मागितलेस तर देतील, ती माणसं शब्दाला पक्की असतात. दोन जुन्या मेल आजच्या तारखेसह जपून ठेव, तीन महिन्यांनी त्यांच्याकडूनच दुरुस्त करून घे.

प्रश्न : बाई, गेल्या अंकातही तुम्ही चिनी विद्यार्थ्यांवर लिहिलं होतं. बडोद्याच्या मराठी मुलांचं इंग्रजी काय थोडं कच्चं आहे?
— एक पालक, प्रतापनगर

उत्तर : कच्चं आहे, आणि त्याची मला रोज काळजी वाटते. पण वर लिहिलेलं पुन्हा वाचून पाहा. तुमच्या मुलीच्या वहीतही ‘नॉलेज’समोर ज्ञान एवढंच असेल. आपल्या मुलांना तर घरी मराठी, गल्लीत गुजराती, दूरदर्शनवर हिंदी. गुजराती माणूस ‘हुं नवरो छुं’ म्हणतो तेव्हा तो मोकळा आहे एवढंच सांगत असतो, हे बडोद्याच्या मराठी पोराला पाचव्या वर्षी कळतं, पुण्याचा पाहुणा चमकतो. एक शब्द दोन घरांत वेगळा वागतो, हे ज्या मुलाला खेळता खेळता उमगलं त्याला इंग्रजी शब्दांची सोबत समजावणं सोपं जातं. चिनी विद्यार्थ्यांनी मला ते बघायला शिकवलं. आधी एकतीस वर्षं महाविद्यालयात शिकवताना मी यादीच देत होते. त्या मुलांची आठवण आली की वाईट वाटतं. मुलीला घेऊन या. रविवारी सकाळी मी घरीच असते, पैसे घेत नाही.

प्रश्न : चिनी विद्यार्थ्याने इंग्रजी-चिनी कोश वापरावा की इंग्रजी-इंग्रजी?
— एक वाचक, फतेहगंज

उत्तर : दोन्ही, एकापाठोपाठ. आधी द्विभाषिक. अर्थ पाच सेकंदांत कळतो, आणि त्यात कमीपणा काही नाही. माझ्या पिढीच्या शिक्षकांनी मातृभाषेला वर्गाबाहेर उभं केलं, त्याने नुकसानच झालं. लगेच मग शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश उघडायचा, व्याख्येसाठी नाही, उदाहरणाच्या वाक्यांसाठी. अशा कोशांची सुरुवात इंग्लंडात नाही झाली, पूर्वेकडे झाली. ए. एस. हॉर्न्बी जपानमध्ये शिकवत होते, आणि त्यांचा कोश 1942 साली टोकियोत निघाला. शब्द कसा वापरायचा हे परक्या माणसाला सांगायची गरज तिथल्या वर्गांत जाणवली. मोबाइलवरचं भाषांतर मी बंद करायला सांगत नाही, पण अख्खं वाक्य त्याच्याकडून करवून घ्यायचं नाही. शब्द विचारा, वाक्य स्वतः लिहा.

प्रश्न : आपला ‘चहा’ आणि इंग्रजी ‘टी’ दोन्ही चिनीतूनच आले असं ऐकलं. मग दोन वेगळे कसे?
— एक विद्यार्थी, इंदूर

उत्तर : खरं ऐकलंस. चहाचं लेखी चिन्ह चीनभर एकच, उच्चार वेगवेगळे. बहुतेक भागांत ‘छा’ म्हणतात. फूच्येन किनाऱ्यावरच्या बोलीत मात्र ‘ते’ म्हणतात. डच व्यापाऱ्यांनी त्या बोलीतला शब्द जहाजातून नेला, त्याचा इंग्रजीत ‘टी’ झाला. ‘छा’ खुष्कीच्या वाटेने इराण, मध्य आशियाकडे गेला, आणि मकावमधल्या पोर्तुगीजांनीही तोच उचलला, म्हणून पोर्तुगीजमध्ये आजही ‘शा’ आहे. आपण ‘छा’च्या घरचे. तैपेईच्या माझ्या विद्यार्थिनीला मी एकदा तासाच्या मध्ये ‘थांब, चहा घेऊन येते’ असं चुकून मराठीत म्हणाले. तिला एवढ्या वाक्यातला एकच शब्द कळला, आणि तिनेही उठून आपला कप भरून आणला.